बाह्य हार्ड डिस्क करप्ट झाली असता: आधी प्रत, मग दुरुस्ती

संगणकाला बाह्य हार्ड डिस्क जोडल्यावर ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशा अर्थाची इंग्रजी खिडकी उघडली, तर तिच्यातील ‘कॅन्सल’ हे बटण दाबावे, डिस्क रीतसर काढावी आणि बाजूला ठेवावी. पुढील सर्व सूचना या एका कृतीनंतरच्या आहेत. घाईत ‘फॉरमॅट’ दाबले गेले, तरी सगळे संपते असे नाही. परंतु साधे काम अवघड होऊन बसते.

मराठवाड्यात ही वेळ बहुधा लग्नसराईत येते. वैशाखात छायाचित्रकारांची डिस्क एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर, स्टुडिओतून अल्बम छापणाऱ्याकडे आणि तिथून परत अशी सतत फिरत असते. उकाडा असतो, धूळ असते आणि लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो. आपले सरकार सेवा केंद्रांत लोकांच्या कागदपत्रांचे स्कॅन अशाच डिस्कवर साठवलेले असतात, आणि अलीकडे अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या निजामकालीन मोडी व उर्दू कागदांचे स्कॅनही त्यांवर येऊन पडले आहेत. एमएस-सीआयटी पूर्ण करून नुकतेच या कामात पडलेल्या, किंवा स्वतःच्याच डिस्कमुळे अडचणीत आलेल्या वाचकासाठी हा लेख आहे.

नेमके काय बिघडते

डिस्कवरील माहिती आणि त्या माहितीची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेत जमिनीवर असते आणि त्याचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असतो. दप्तर भिजले म्हणून शेत वाहून जात नाही, पण कोणता तुकडा कोणाचा हे सांगता येईनासे होते. फाइल सिस्टम म्हणजे हे दप्तर होय. कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या भागात सुरू होते, तिचे तुकडे कुठे कुठे आहेत आणि कोणती जागा रिकामी आहे, हे त्यात लिहिलेले असते. ‘फाइल करप्ट व न वाचता येण्याजोगी आहे’ असा संदेश येतो तेव्हा पुष्कळदा शेते जागेवर असतात आणि गोंधळ दप्तरात असतो.

हीच उपमा थोडी पुढे नेता येते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टममध्ये, आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्येही, प्रत्येक बदल दप्तरात पक्का होण्याआधी फेरफाराच्या वहीत टिपला जातो. या वहीला जर्नल म्हणतात. मध्येच लाइट गेली, तर पुढच्या वेळी संगणक ही वही वाचून अर्धवट राहिलेला फेरफार पुरा करतो किंवा रद्द करतो. एफएटी३२ आणि एक्सएफएटी यांच्याकडे अशी वही नसते. एफएटी३२ मध्ये नोंदींच्या सारणीच्या निदान दोन प्रती ठेवलेल्या असतात. एक्सएफएटीमध्ये सहसा एकच असते. बाजारातून आणलेल्या अनेक पोर्टेबल डिस्क मुळातच एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट केलेल्या असतात, कारण ती विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालते. म्हणून लिहिणे चालू असताना केबल ओढली गेल्यास त्यांना जास्त झळ पोचते. अर्थात वही असली तरी ती नोंदीच सांभाळते; अर्धा लिहिला गेलेला व्हिडिओ ती पूर्ण करून देत नाही.

मात्र दप्तर खराब होण्याचे कारण प्रत्येक वेळी दप्तरात नसते. केबल सैल असते, वीज अपुरी पडते, किंवा डिस्कच्या तबकडीवरील ज्या भागात नोंदी होत्या तो भागच वाचता येत नाही. या तिसऱ्या प्रकारात दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. त्यामुळे दुरुस्तीची आज्ञा टंकण्याआधी खालील तपासणी क्रमानेच करावी.

पहिली तपासणी: केबल, वीज आणि आवाज

डिस्क कानाजवळ धरून ऐकावी. फिरण्याचा सलग, मंद आवाज योग्य आहे. ठराविक अंतराने ‘टक्-टक्’ होत असेल, फिरायला सुरुवात होऊन ती लगेच थांबत असेल, किंवा डिस्क खाली पडल्यानंतरच तक्रार सुरू झाली असेल, तर इथेच थांबावे आणि या लेखातील शेवटून दुसऱ्या भागाकडे जावे.

आवाज ठीक असल्यास केबल बदलून पाहावी, कारण पोर्टेबल डिस्कची चपटी केबल हा तिच्या सर्व भागांतील सर्वांत नाजूक भाग असतो. त्यानंतर डिस्क संगणकाच्या मागच्या बाजूच्या पोर्टला थेट जोडावी. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आणि विजेची स्वतंत्र सोय नसलेले हब टाळावे. अडीच इंची डिस्क आपली वीज यूएसबीमधूनच घेते आणि जुन्या यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० ची ९०० मिलिअँपिअर आहे. डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिला सर्वाधिक वीज लागते आणि कमकुवत पोर्ट नेमका तेव्हाच दगा देतो. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या वस्तीत तो अडॅप्टरच क्षीण झालेला सापडतो, आणि तेवढाच बदलला की डिस्क पूर्ववत चालते. असे झाले तर ग्राहकाकडून फक्त अडॅप्टरचे पैसे घ्यावेत.

उष्णतेचाही विचार करावा. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापरासाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान दिलेले असते, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे दुपारचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. तासन्‌तास चालणारे काम रात्री किंवा पहाटे लावावे, डिस्क फरशीवर, वर काही न झाकता ठेवावी आणि तिच्यावर पंखा सोडावा.

दुसरी तपासणी: डिस्कची प्रकृती

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. या सोयीला स्मार्ट असे नाव आहे. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद दाखवते. वर मोठ्या अक्षरांत येणाऱ्या ‘गुड’ किंवा ‘कॉशन’ एवढ्यावर न थांबता चार ओळी पाहाव्यात. ०५ या क्रमांकाची ओळ डिस्कने खराब ठरवून बदललेल्या सेक्टरांची, म्हणजे तबकडीवरील साठवणुकीच्या लहान कप्प्यांची, संख्या देते. सी५ ही ओळ वाचता न आल्यामुळे निकालासाठी अडून बसलेल्या सेक्टरांची आहे, आणि नवख्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावे ती हीच. सी६ ही ओळ वाचण्याचा प्रयत्न करूनही हाती न आलेल्या सेक्टरांची असते. सी७ मधील आकडा वाढत असेल तर दोष तबकडीचा नसून बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. हे सॉफ्टवेअर आकडे मुळात सोळाच्या पायाच्या पद्धतीत दाखवते, त्यामुळे तिथे १० दिसले तर त्याचा अर्थ सोळा असा होतो. सेटिंगमध्ये जाऊन दशमान पद्धत निवडता येते. काही डिस्कच्या पेटीतील यूएसबीचे सर्किट ही माहिती पुढे जाऊच देत नाही. अशा वेळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टम’ या नोंदी उघडाव्यात. तिथे ‘एनटीएफएस’ या नावाखाली ५५ क्रमांकाची नोंद असेल तर फाइल सिस्टमची रचना बिघडली आहे, आणि ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद असेल तर बॅड सेक्टर आढळला आहे, असे समजावे.

सी५ आणि सी६ शून्य असतील तर बिघाड फक्त दप्तराचा आहे, असे धरून चालता येते. तिथे शून्य नसेल तर डिस्क आजारी आहे आणि तिच्याकडून कमीत कमी कष्ट करून घ्यायचे आहेत.

प्रत काढणे

हा टप्पा वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि मलाही झाला होता. काही वर्षांपूर्वी एका परिचिताची २ टेराबाइटची डिस्क माझ्याकडे आली. सी५ मध्ये आकडा दिसत होता, तरीही मी संध्याकाळी तिच्यावर चेकडिस्क या विंडोजच्या दुरुस्ती-साधनाची बॅड सेक्टर शोधणारी तपासणी लावली आणि घरी गेलो. रात्री लाइट गेली, इन्व्हर्टर उतरला आणि सकाळी ती डिस्क संगणकाला दिसेनाशी झाली होती. लाइट गेली नसती तरी फार वेगळे घडले असते असे मला वाटत नाही, कारण आजारी डिस्कला तिच्या प्रत्येक सेक्टरचा हिशेब मागणे हीच मूळ चूक होती. आदल्या संध्याकाळी फोल्डर उघडत होते. त्या दोन तासांत निम्मे फोटो तरी सहज काढून घेता आले असते.

म्हणून फोल्डर उघडत असतील तर आधी जे पुन्हा मिळणारच नाही ते दुसऱ्या डिस्कवर घ्यावे. लग्नाचे मूळ फोटो आधी, संपादित व्हिडिओ नंतर आणि चित्रपट-गाणी सर्वांत शेवटी, किंवा मुळीच नाही. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जावे. तिथे वारंवार प्रयत्न करणे डिस्कला सोसवत नाही.

फोल्डरच उघडत नसतील किंवा डिस्कची प्रकृती ठीक नसेल, तर संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर घ्यावी. या कामासाठी लिनक्सवरील डीडीरेस्क्यू या मोफत साधनाची मी शिफारस करतो. त्यासाठी संगणकावर लिनक्स बसवण्याची गरज नाही. सिस्टमरेस्क्यूसारखी लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू करता येते आणि त्यात हे साधन तयार असते. सामान्य कॉपी खराब जागी आली की अडते. डीडीरेस्क्यू मात्र चांगला भाग आधी भराभर उचलते, खराब भाग बाजूला टिपून ठेवते आणि शेवटी त्याकडे परत येते. कुठवर वाचून झाले याचा हिशेब ते एका लहानशा नोंद-फाइलमध्ये ठेवते. भारनियमनाच्या गावात हाच त्याचा खरा उपयोग आहे, कारण मध्येच लाइट गेली तरी तीच आज्ञा त्याच नोंद-फाइलसह पुन्हा दिल्यास काम थांबले होते तिथून सुरू होते. ही नोंद-फाइल तिसऱ्या जागी, म्हणजे एखाद्या वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावी. पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्सच्या स्मरणात ठेवली तर ती लाइटबरोबरच जाईल.

आज्ञेत आधी मूळ डिस्क, मग नवी डिस्क आणि शेवटी नोंद-फाइल असा क्रम असतो. पहिल्या दोघींची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली जाते आणि त्याला इलाज नाही. यासाठी ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने दोन्ही डिस्कची नावे व आकार पाहून कागदावर लिहून घ्यावेत, आणि शक्यतो नवी डिस्क मोठ्या आकाराची घ्यावी, म्हणजे ओळख पटण्यात चूक होत नाही. थेट डिस्कवर लिहायचे असल्यास डीडीरेस्क्यू ‘-एफ’ हा पर्याय दिल्याशिवाय काम सुरू करत नाही. ही त्याने दिलेली सूचना समजावी आणि तिथे थांबून क्रम पुन्हा वाचावा. पहिल्या फेरीत ‘-एन’ हा पर्याय द्यावा, म्हणजे खराब भाग खरवडण्याचे काम ते टाळते. दुसऱ्या फेरीत ‘-एन’ काढून ‘-आर३’ दिल्यास उरलेल्या सेक्टरांवर तीन वेळा प्रयत्न होतो.

वेळेचा अंदाज ग्राहकाला आधीच द्यावा. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने १ टेराबाइट वाचायला पावणेतीन तास लागतात, यूएसबी २.० च्या पोर्टवर तेच काम आठ तासांच्या पुढे जाते, आणि खराब सेक्टर असल्यास दिवस लागू शकतात. काम लॅपटॉपवर केल्यास त्याची बॅटरी यूपीएसचे काम करते.

नक्कल झाल्यावर मूळ डिस्क काढून तिच्यावर तारीख लिहावी आणि ती कपाटात ठेवावी. मूळ आणि नक्कल एकाच वेळी विंडोजला जोडू नयेत. दोन्हींची आतील ओळख एकच असल्यामुळे विंडोज त्यांतील एकीला बंद ठेवते आणि नवखा माणूस गोंधळतो.

दुरुस्ती

यापुढील सर्व काम नकलेवर करावे. डिस्क निरोगी असेल आणि महत्त्वाच्या फाइली काढून झाल्या असतील, तर मूळ डिस्कवर केले तरी हरकत नाही.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडावा. चेकडिस्कची आज्ञा सी, एच, के, डी, एस, के अशा सहा अक्षरांनी टंकतात. मग एक जागा सोडून ड्राइव्हचे अक्षर आणि त्याला लागून कोलन द्यायचा. एवढीच आज्ञा दिली तर चेकडिस्क फक्त पाहते, काही बदलत नाही. तो अहवाल शांतपणे वाचावा. त्यात मोजक्या चुका असतील तर पुन्हा तीच आज्ञा देऊन शेवटी स्लॅश आणि एफ हे अक्षर जोडावे, म्हणजे ती दुरुस्ती करते. स्लॅश-आर हा पर्याय प्रत्येक सेक्टर वाचतो आणि त्यात स्लॅश-एफ अंतर्भूतच असतो. पुष्कळ ठिकाणी हा पर्याय सर्रास सुचवला जातो, परंतु वरचा प्रसंग आठवून तो आजारी डिस्कवर वापरू नये.

चेकडिस्कबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ती दप्तराचा ताळा जुळवते. तुमच्या फाइली वाचवणे हे तिचे काम नव्हे. ज्या नोंदीचा मेळ बसत नाही ती नोंद काढून टाकली की तिच्या दृष्टीने दप्तर स्वच्छ झाले. ज्यांचा मालक सापडला नाही असे तुकडे ती ‘फाउंड’ या नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सीएचके या शेवटाच्या फाइली करून ठेवते. फोल्डर रिकामे दिसू लागले म्हणून हताश होण्याआधी एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू करून तिथे पाहावे.

‘फाइल सिस्टम रॉ आहे’ असे उत्तर आले तर चेकडिस्क काम करण्यास नकार देते. दप्तराचे मुखपृष्ठच वाचता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. इथे टेस्टडिस्क हे मोफत साधन उपयोगी पडते. या मुखपृष्ठाला बूट सेक्टर म्हणतात. एनटीएफएसच्या बूट सेक्टरची राखीव प्रत पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या त्या विभागाच्या, शेवटी, एफएटी३२ ची सहाव्या सेक्टरवर आणि एक्सएफएटीची मूळ प्रतीच्या लगेच मागे असते. मूळ खराब आणि प्रत चांगली असेल तर टेस्टडिस्क ती परत जागेवर बसवू शकते. त्यातील ‘अ‍ॅनालाइज’ आणि नंतर ‘क्विक सर्च’ केल्यावर पार्टिशन सापडले, तर ‘पी’ हे अक्षर दाबून आधी फाइलींची यादी पाहावी. आपली ओळखीची फोल्डर तिथे दिसली तर तिथूनच त्यांची कॉपी करता येते. ‘राइट’ हा शब्द मात्र यादी पाहून खात्री झाल्याशिवाय निवडू नये.

टेस्टडिस्कबरोबरच मिळणारे फोटोरेक हे शेवटचे साधन आहे. ते दप्तराकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या सुरुवातीला असणाऱ्या ठराविक खुणा ओळखून शेतातून फाइली वेचते. त्यामुळे नावे आणि फोल्डर जातात, आणि तुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओ बहुधा अर्धवट येतात. फोटो मात्र बरेच सुखरूप मिळतात आणि कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेल्या तारखेवरून हळदीचे आणि वरातीचे फोटो वेगळे करता येतात.

लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर डिस्क अनमाउंट करून (संगणकाने तिचा वापर थांबवल्यावर) आधी ‘ई२एफएससीके -एन’ चालवावे, म्हणजे तेही फक्त पाहते. सुपरब्लॉक, म्हणजे ईएक्सटी४ च्या दप्तराचे मुखपृष्ठ, खराब असल्याचे उत्तर आले तर ‘-बी ३२७६८’ देऊन राखीव प्रत वापरता येते; चार किलोबाइटच्या ब्लॉकसाठी ती सहसा तिथे असते. एनटीएफएस डिस्क लिनक्सवर दुरुस्त करण्याचा आग्रह धरू नये. तिथले एनटीएफएसफिक्स हे साधन चेकडिस्कची जागा घेत नाही. मॅकवर डिस्क युटिलिटीतील ‘फर्स्ट एड’ हेच काम करते.

आपण कुठे थांबावे

टक्-टक् करणारी, पडलेली, भिजलेली किंवा अजिबात न फिरणारी डिस्क पुण्या-मुंबईच्या डाटा रिकव्हरी प्रयोगशाळेचे काम आहे. ती धूळमुक्त खोलीत उघडावी लागते. दुकानाच्या टेबलावर स्क्रू काढून आत डोकावणे म्हणजे उरलीसुरली आशा घालवणे. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. बाहेर काढताच आत दव धरते, म्हणून तो करू नये. पेटीतून डिस्क काढून थेट संगणकात जोडण्याचा उपायही प्रत्येक वेळी चालत नाही, कारण काही पोर्टेबल डिस्कचा यूएसबी पोर्ट मूळ सर्किटवरच असतो आणि काहींमध्ये पेटीतील सर्किटच माहिती कूटबद्ध करून लिहीत असते. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे कूटबद्ध करणारे कुलूप, लावलेला असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधावी. ती नसेल तर प्रयोगशाळाही हतबल असते.

डिस्क रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवायची असल्यास जाड फोममध्ये गुंडाळून, शक्यतो माणसासोबत पाठवावी. तपासणीचे शुल्क किती आणि डाटा न मिळाल्यास काय घेणार, हे आधी लेखी घ्यावे. डिस्कवर लोकांच्या आधार कार्डांचे स्कॅन असतील तर तेही सांगावे आणि काम संपल्यावर त्यांच्याकडील प्रत पुसण्याचे वचन त्याच कागदावर घ्यावे.

डिस्क पुन्हा वापरायची का

माहिती सुखरूप दुसरीकडे गेल्यावर, आणि ती उघडून पाहिल्यावर, जुनी डिस्क ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावी. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सर्व डिस्कवर शून्ये लिहितो, त्यामुळे अडून बसलेल्या सेक्टरांचा निकाल लागतो. नंतर सी५ शून्य झाला आणि ०५ स्थिर राहिला तर डिस्क दुय्यम कामाला चालेल; आठवड्याभरात यांपैकी एक जरी आकडा पुन्हा वाढला तर ती बाद करावी. डिस्क फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस निवडावी, मॅकशी देवाणघेवाण असेल तर एक्सएफएटी. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून बाह्य डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ (रीतसर न काढताही डिस्क ओढता यावी अशी सोय) हीच मूळ सेटिंग आहे, तरीही कॉपी चालू असताना किंवा एखादी फाइल उघडी असताना केबल ओढणे तितकेच घातक राहते.

ग्राहकाला नवी डिस्क देताना त्याला दुकानातच बसवून पाच-सहा फोल्डर उघडायला लावावेत, आणि अल्बम छापून त्याच्या घरी पोचेपर्यंत आपल्याकडील नक्कल पुसू नये.